अठ्ठावीस फ्लॅटसाठी मीटर पॅनल किती मोठं हवं, आणि नियम कुणाचे पाळायचे?

एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुनर्विकासात स्टिल्ट (खांबांवरचा पार्किंगचा मोकळा मजला) अधिक सात मजल्यांची इमारत उभी राहते आहे. मजल्यावर चार याप्रमाणे २८ फ्लॅट आहेत. बिल्डरने स्टिल्टमध्ये २.४ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल असा कोनाडा ‘मीटर रूम’ म्हणून नकाशात दाखवला आहे. एवढ्यात सगळे मीटर बसतील का, पॅनल कुठल्या मापाचं सांगायचं, आणि वायरमन एक नियम सांगतो, पॅनलवाला दुसरा, वीज कंपनीचा माणूस तिसरा, तर खरं कुणाचं धरायचं?

आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं. दीड मीटर खोल कोनाड्यात बसणार नाहीत. तोच कोनाडा २.२ मीटर खोल करून घेतलात तर व्यवस्थित बसतील, पुढच्या पाच-सात कनेक्शनांची जागाही उरेल. नकाशावर अजून सह्या व्हायच्या असतील तर आजच बोला. स्लॅब पडल्यावर ७० सेंटिमीटरसाठी सगळ्यांचे हात बांधले जातात, मग एखाद्या पार्किंगचा बळी देऊन भांडणं होतात. ती मी पुरेशी पाहिली आहेत.

माझा धंदा पॅनलचा आणि सोसायट्यांच्या वायरिंगचा. त्यात सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक एकच: भिंत आधी ठरते आणि मग पॅनल त्या भिंतीत कोंबलं जातं. माप नेहमी मीटरपासून बाहेर यायला हवं. आधी मीटर, मग त्याच्या पुढची-मागची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), मग केबलचं वळण, मग समोर उभा राहणारा माणूस, आणि सगळ्यात शेवटी भिंत.

आता नियमांचा गुंता. तिघेही तुम्हाला बहुतेक खरंच सांगत असतात, फक्त तिघे वेगवेगळ्या पुस्तकातून बोलत असतात. सगळ्यात वर विद्युत अधिनियम २००३. त्याच्या कलम ५५ मुळे मीटरशिवाय पुरवठा देता येत नाही, आणि कलम ५३ सुरक्षेचे नियम करण्याचा पाया आहे. या कायद्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेले विनियम बंधनकारक असतात. आपल्या कामाचे दोन: मीटर बसवणे आणि चालवणे याबद्दलचे २००६ चे, नंतर दुरुस्त्या झालेले, आणि सुरक्षा व वीजपुरवठ्याच्या उपाययोजनांचे २०२३ चे. या दुसऱ्यांनी २०१० च्या विनियमांची जागा घेतली आहे, तरी बाजारात अजून २०१० चीच झेरॉक्स फिरते. पॅनलवाल्याने ती पुढे केली तर नवी मागा.

त्याखाली राज्य. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची २०२१ ची पुरवठा संहिता ग्राहक आणि वितरण कंपनी यांचं नातं ठरवते. अर्ज, भार, कुणी काय आणि किती दिवसांत द्यायचं, हे सगळं तिथे. त्याखाली वितरण कंपनीची स्वतःची परिपत्रकं आणि ड्रॉइंग. महावितरण, बेस्ट, टाटा पॉवर, अदानी, ज्याची वीज त्याचं ड्रॉइंग. कायद्याच्या उतरंडीत हा कागद तळाला आहे, पण पॅनलच्या मापापुरता तुमच्यासाठी तोच सगळ्यात जड. कारण मीटर सहसा कंपनीचा, सील कंपनीचं आणि ते लावायला येणारा माणूसही कंपनीचा. त्याला पॅनल पसंत नसेल तर तुम्ही आयएस म्हणजे भारतीय मानकाचं पान उघडून दाखवलंत तरी तो मीटर परत घेऊन जाईल.

आणि मग मानकं. आयएस ७३२ वायरिंगचं, आयएस ३०४३ अर्थिंगचं, आयएस/आयईसी ६१४३९ पॅनलचं, शिवाय राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६. मानक हे मुळात ऐच्छिक असतं. एखाद्या विनियमाने, परवानगीच्या अटीने किंवा तुमच्या वर्क ऑर्डरने त्याचं नाव घेतलं की ते बांधील होतं. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये ‘चांगल्या दर्जाचं पॅनल’ असं लिहू नका. मानकाचा क्रमांक लिहा. ‘चांगला दर्जा’ ग्राहक आयोगात सिद्ध करताना दमछाक होते.

६१४३९ मध्येही एक मेख आहे, आणि ती पॅनलवाल्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसते. या मालिकेचा भाग ३ सामान्य माणसाने हाताळायच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डांसाठी आहे. त्याची हद्द इनकमिंगला, म्हणजे आत येणाऱ्या पुरवठ्याला, २५० अँपिअर आणि प्रत्येक आउटगोइंगला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सर्किटला, १२५ अँपिअर. त्याच्या वर गेलात की पॅनल भाग २ मध्ये जातं. तुमचं कुठे जातं ते आता हिशोबाने पाहू.

फ्लॅटचा मंजूर भार ६ किलोवॅट धरतो. दोन एसी, गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन असलेल्या घराची जोडलेली उपकरणं याहून जास्त भरतील, पण सगळं एकदम चालत नाही. सिंगल फेजवर ६ किलोवॅट म्हणजे साधारण २७ अँपिअर, म्हणून ४० अँपिअरची एमसीबी आणि १०-६० अँपिअरचा थेट जोडायचा मीटर पुरतो. २८ फ्लॅट गुणिले ६ म्हणजे १६८ किलोवॅट. अठ्ठावीस घरांत एकाच क्षणी सगळे गिझर आणि सगळे एसी लागत नाहीत, म्हणून यातला निम्मा, ८४ किलोवॅट धरतो. हा अर्धा गुणक माझा ठोकताळा आहे. दहा फ्लॅट असते तर मी अर्ध्यावर आलो नसतो, कारण घरं कमी तेवढी सगळ्यांची उपकरणं एकदम लागण्याची शक्यता जास्त.

दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्याचे-पार्किंगचे दिवे मिळून सामायिक भार २४ किलोवॅटच्या आसपास जोडलेला, त्यातला १९ चालता. फायर पंप यात धरलेला नाही. त्याची फीड मेन स्विचच्या आधीच स्वतंत्र घ्यायची, कारण आग लागली की पहिलं काम मेन पाडण्याचं होतं आणि त्याच वेळी पंप चालायला हवा असतो.

मग इलेक्ट्रिक गाड्या. इथे बहुतेक जण फसतात. १४ पार्किंगला ३.३ किलोवॅटचे चार्जर म्हणजे ४६ किलोवॅट. याला घरांचा अर्धा गुणक लावायचा मोह होतो, पण गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि गाडी रात्रभर. लोक ऑफिसातून एकाच सुमाराला परततात आणि एकाच सुमाराला वायर खोचतात. मी ०.८ धरतो, म्हणजे ३७.

बेरीज १४० किलोवॅट. ४१५ व्होल्ट आणि ०.९ पॉवर फॅक्टरवर करंट येतो २१६ अँपिअर. पंचवीस टक्के वाढीची सोय केली तर २७०. म्हणजे २५० ची हद्द ओलांडली आणि तुमचं पॅनल भाग २ चं झालं. बसबार (आतल्या सर्किटांना करंट वाटणारी धातूची पट्टी) मी ४०० अँपिअरचा घेईन आणि इनकमर (आत येणाऱ्या पुरवठ्याचा मुख्य स्विच) ४०० च्या फ्रेमचा, सेटिंग खाली आणता येणारा एमसीसीबी, म्हणजे एमसीबीचा मोठा भाऊ. ३१५ चा घेतला तर कागदावर चालेल. मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात तो किती चालेल, याची खात्री मी देणार नाही.

उष्णतेचं हे प्रकरण नीट समजून घ्या. पॅनलच्या आकारामागचं अर्धं कारण तेच आहे आणि ते कुणी बोलत नाही. एमसीबीच्या मानकात ४० अँपिअरच्या एका पोलला (एक तार तोडणाऱ्या भागाला) पूर्ण भारावर जास्तीत जास्त ७.५ वॅट उष्णता फेकायची मुभा आहे. एका फ्लॅटला मीटरआधी एक पोल आणि मीटरनंतर डबल पोल असे तीन पोल धरा. सगळे फ्लॅट एकदम ४० अँपिअर ओढताहेत असं मानलं तर ६३० वॅट होतात, म्हणजे डब्यात एक लहान हीटर. पण ते कधीच होत नाही, आणि मानकही तसं मानत नाही. दहा किंवा अधिक आउटगोइंग असतील आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर भाग २ प्रत्येक सर्किटवर ०.६ भार गृहीत धरतो; भाग ३ मध्ये तोच आकडा ०.५ आहे. ०.६ म्हणजे २४ अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, म्हणून ६३० चे थेट २२७ वॅट होतात. मीटरच्या व्होल्टेज सर्किटला प्रत्येकी दोन वॅट धरले तर आणखी ५६. बसबार आणि जोड मिळून ३०० वॅटच्या आसपास जाऊन बसतं.

हे ३०० वॅट पत्र्यातून बाहेर जायचे आहेत. रंगवलेला लोखंडी पत्रा एका चौरस मीटरमधून अंशाला सुमारे साडेपाच वॅट सोडतो. भिंतीला टेकलेली पाठ आणि तळ मोजायचे नाहीत. चार मीटर लांब, १.६ मीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर खोल पॅनलला जवळजवळ नऊ चौरस मीटर उघडा पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा सहा अंशांनी तापते. तेच सगळं २.४ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर खोल डब्यात कोंबलं तर पृष्ठभाग पाच चौरस मीटरच्या आसपास उरतो आणि वाढ दहा-अकरा अंशांवर जाते. ही सरासरी झाली. वरच्या ओळीत याहून जास्त असते, कारण गरम हवा तिथेच साचते.

अकरा अंश फार वाटत नाहीत. पण घरगुती एमसीबीचं कॅलिब्रेशन ३० अंशांना केलेलं असतं आणि पॅनलचं मानक बाहेरची हवा जास्तीत जास्त ४० अंश, चोवीस तासांची सरासरी ३५ अंश धरून चालतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात स्टिल्टमधल्या बंद खोलीची काय गत होते, ते सांगायला नको. त्यात हे अकरा मिळवा. वरच्या ओळीतल्या एमसीबी मग ४० वर नाही, त्याच्या बरंच खाली ट्रिप होऊ लागतात. सोसायटी वायरमनला बोलावते, तो ४० काढून ६३ बसवतो, तक्रार बंद होते. आता मागची केबल मात्र ४० च्याच हिशोबाची आहे. आग कुठून सुरू होते असं लोक विचारतात, त्याचं एक उत्तर हे.

जाताजाता आयपी बद्दल, म्हणजे डबा धूळ-पाणी किती अडवतो त्याच्या क्रमांकाबद्दल. आयपी ५४ म्हणजे ४२ पेक्षा चांगलं, असं समजून सगळे ५४ मागतात. ५४ धुळीला आणि शिंतोड्यांना अडवतं, तशीच हवाही अडवतं. पावसाची झड न येणाऱ्या, दार असलेल्या खोलीत मी ४२ देतो आणि खोलीलाच खाली-वर जाळीच्या खिडक्या ठेवायला सांगतो. उघड्या स्टिल्टमध्ये किंवा समुद्राकाठी गोष्ट वेगळी. तिथे ५४ घ्या, पण डबा मोठा घ्या, आणि लोखंडी पत्र्याऐवजी एसएमसी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा पॉलिकार्बोनेटचा विचार करा.

आता प्रत्यक्ष मांडणी. एका सिंगल फेज मीटरला त्याच्या एमसीबीसकट मी २०० मि.मी. रुंदी आणि ४०० मि.मी. उंची देतो. कंपनी सध्या कुठला मीटर देते, तो एक नमुना हातात घेऊन, टर्मिनलचं झाकण लावून मापा. स्मार्ट मीटर जुन्यापेक्षा मापाने वेगळे असतात, आणि मीटर विनियमांच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून नव्या ग्राहकाच्या मीटरसाठी दिशा प्रीपेड सोय असलेल्या स्मार्ट मीटरचीच आहे. जुन्या मापावर कापलेल्या खिडक्यांमागे नव्या मीटरचा डिस्प्ले पत्र्याआड गेलेला मी पाहिला आहे. दुसरं म्हणजे हे मीटर बोलतात, आणि बंद लोखंडी डब्यातून रेडिओ सिग्नल नीट बाहेर पडत नाही. पुढची दारं पारदर्शक पॉलिकार्बोनेटची ठेवा, आणि खोली तळघरात असेल तर तिथे मोबाइलला रेंज मिळते का ते आधी पाहा.

बांधकाम संहिता म्हणते, मीटर जमिनीपासून एक मीटरच्या खाली शक्यतो नको, वाचायला सोयीच्या उंचीवर असावा, आणि तो झाकणात किंवा कुलूप लागणाऱ्या बंद पॅनलात असावा. म्हणजे डिस्प्लेच्या ओळी १.०, १.४ आणि १.८ मीटरवर. तीनच. चौथी ओळ खाली घातली की रीडिंग घेणारा गुडघ्यावर बसतो आणि पहिल्या पुराला ती ओळ पाण्यात जाते. वर घातली तर स्टूल लागतं. मी सुरुवातीच्या काळात जागा वाचवायला चार ओळींचं पॅनल केलं होतं, खालची ओळ ६० सेंटिमीटरवर. वीज कंपनीच्या इंजिनिअरने एकदा पाहिलं आणि ‘हे परत न्या’ एवढंच म्हणाला. ते पॅनल अजून माझ्या शेडमध्ये सामान ठेवायला वापरतो.

२८ ला पंचवीस टक्के मोकळी जागा म्हणजे आणखी ७. तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा मीटर केले की ३६ जागा होतात, लांबी २.४ मीटर. तुमच्या कोनाड्याची रुंदी इथेच संपली आणि अजून इनकमर यायचा आहे. त्याला ५०० मि.मी. सामायिक कनेक्शन, गाड्यांचं थ्री फेज मीटरिंग आणि छतावर सोलर आलं तर त्याचे मीटर यांना ६०० मि.मी. केबल चढायच्या दोन गल्ल्यांना प्रत्येकी २५०. एकूण चार मीटर.

केबलच्या गल्लीत कंजुषी करू नका. आर्मर्ड एलटी केबल (धातूच्या कवचाची, कमी दाबाची) तिच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येपेक्षा आवळून वाकवायची नसते. ५० मि.मी. जाडीच्या मेन केबलला तेच ६०० मि.मी. होतात. म्हणून पॅनलचा तळ जमिनीपासून उचललेला हवा आणि ग्लँड प्लेटपासून (केबल आत शिरते ती पट्टी) लगपर्यंत (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) ४०० मि.मी. तरी मोकळे हवेत, नाहीतर केबल जोडणारा तिच्याशी कुस्ती करतो आणि ती कुस्ती पुढे कायम लगच्या बोल्टवर ताण म्हणून राहते.

समोर किती? सुरक्षा विनियमांत २५० व्होल्टच्या वरच्या स्विचबोर्डसमोर किमान एक मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मागच्या बाजूला उघडे जोड असतील तर मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी, नाहीतर ७५ पेक्षा जास्त. मधलं माप चालत नाही, आणि त्यामागची अक्कल मला फार आवडते: माणूस शिरूच शकणार नाही किंवा नीट वावरू शकेल, अर्धवट अडकून शॉक खाणार नाही. तुमचं पॅनल भिंतीला टेकलेलं आणि पुढून उघडणारं घ्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

आता कोनाडा २.२ मीटर खोल केला तर दोन्ही बाजूच्या भिंतींवर प्रत्येकी २.१ मीटरचं पॅनल बसतं. एकूण ४.२. मधे गल्ली उरते २.४ वजा दोन वेळा ३५ सेंटिमीटर, म्हणजे १.७ मीटर. समोरासमोरची दारं उघडूनही माणूस मागे सरकू शकतो. मागची भिंत अर्थिंगची पट्टी आणि केबल वर नेण्यासाठी मोकळी. दार बाहेर उघडणारं. दोन पॅनल जोडायला वरून झाकलेला बसबार किंवा केबल लागेल, तेवढाच वाढीव खर्च. १.५ मीटर खोल कोनाड्यात मात्र फक्त मागच्या भिंतीवर एक पॅनल बसतं, तेही २.४ चं, म्हणजे इनकमर बाहेर पार्किंगमध्ये. तसं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

इमारत १५ मीटरपेक्षा उंच आहे, त्यामुळे बहुमजली इमारतींची वेगळी कलमं लागतात. पुरवठा जिथे सुरू होतो तिथे सगळे फेज एकदम तोडणारं साधन हवं, न्यूट्रल सोडून, सहज दिसेल अशा जागी, जमिनीपासून १.७० मीटरच्या वर नाही. हा आकडा पॅनलवाल्याला तोंडी नको, ड्रॉइंगवर लिहून द्या. वीजकेबलच्या डक्टमधून पाण्याची, गॅसची किंवा कुठलीही इतर लाइन न्यायची नाही, आणि प्रत्येक मजल्याला डक्ट आगरोधक अडथळ्याने बंद करायचा. राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे विद्युत निरीक्षकाची तपासणी लागू शकते, म्हणून लायसनधारक ठेकेदाराकडून निरीक्षकाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. ताबा द्यायच्या आठवड्यात नको.

शॉर्ट सर्किटचा आकडा पॅनलच्या कागदावर असलाच पाहिजे. जवळ ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि त्याचा इम्पीडन्स (करंटला आतला अडथळा) ५ टक्के असेल, तर त्याच्या टर्मिनलवर १६.८ किलोअँपिअरपर्यंत फॉल्टचा, म्हणजे शॉर्ट सर्किटचा करंट येतो. केबलमुळे तुमच्यापर्यंत येईस्तोवर तो कमी होईल, पण ट्रान्सफॉर्मर उद्या सोसायटीच्याच आवारात आला तर फारसा होणार नाही. तांब्याचा बार एका सेकंदासाठी हा फॉल्ट सोसायला साधारण ११७ चौ. मि.मी. लागतो. ४०० अँपिअरसाठी मी ४० गुणिले ६ चा, म्हणजे २४० चा बार देतो, त्यामुळे बारची काळजी नाही. काळजी त्याला धरणाऱ्या सपोर्टची आणि दहा किलोअँपिअरच्या एमसीबींची असते. त्यांच्यामागे हा फॉल्ट आवरणारा इनकमर किंवा एचआरसी (मोठा फॉल्ट तोडू शकणारा) फ्यूज असावा आणि दोघांची जोडी उत्पादकाच्या तक्त्यात असावी. पॅनलचं डिझाइन कुठल्या चाचणीवर उभं आहे ते विचारा. बेंगळुरूच्या सीपीआरआयसारख्या (केंद्रीय विद्युत संशोधन संस्था) प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला तर त्यातलं ड्रॉइंग आणि तुमचं पॅनल एकच आहे का तेही पाहा. अहवाल एका पॅनलचा आणि माल दुसराच, असं सर्रास होतं.

न्यूट्रलबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात महागडे अपघात तिथेच होतात. न्यूट्रलचा बार फेजएवढाच जाड घ्या. एलईडी, इन्व्हर्टर एसी, गाड्यांचे चार्जर यांच्यामुळे तिसऱ्या हार्मोनिकचा (मूळ वारंवारतेच्या तिपटीचा) करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाही, साठतो. ‘न्यूट्रलला अर्धा बार पुरतो’ हा सल्ला पिवळ्या बल्बच्या जमान्यातला आहे. मेन न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकटा स्विच कधीही नको, तिथे लिंकच, म्हणजे बोल्टने आवळलेली पट्टी.

एका इमारतीत ॲल्युमिनियमच्या केबलचा लग थेट तांब्याच्या न्यूट्रल बारवर आवळला होता, मधे बायमेटल (दोन धातूंचा सांधा) काहीच नाही. दोन पावसाळ्यांत तो जोड आतून पांढरा पडून सैल झाला. एका संध्याकाळी न्यूट्रल सुटलं. कमी भाराच्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज साडेतीनशेच्या वर गेलं आणि नऊ घरांतले टीव्ही, फ्रिज, राउटर एकदम गेले. तो लग मी हातात घेतला तेव्हा बोल्ट बोटांनी फिरत होता. त्या दिवसापासून ताबा देताना प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला, हे वॉचमनलाही कळतं.

दुसरा न्यूट्रलचा घोळ म्हणजे शेजारच्या दोन फ्लॅटचं न्यूट्रल वर कुठेतरी एकत्र बांधणं. वायरमनची एक वायर वाचते. मग दोन्ही घरांचे आरसीसीबी (करंटची गळती पकडणारे स्विच) पडत राहतात, आणि नवे मीटर फेज आणि न्यूट्रलचा करंट वेगळा दिसला की छेडछाडीची नोंद करतात. निष्पाप माणसाला वीजचोरीची नोटीस येऊ शकते. प्रत्येक फ्लॅटचं न्यूट्रल त्याच्याच मीटरमधून, त्याच्याच नंबरच्या फेरूलने (वायरवर चढवायची नंबराची कडी).

मीटरच्या आधीचा सगळा भाग सील करता येईल असा बंद हवा. बसबारचं दालन, इनकमरचं दालन, मीटरआधीच्या एमसीबी, सगळं. मीटरनंतरची एमसीबी मात्र ग्राहकाला सील न तोडता हात लावता येईल अशी वेगळ्या दारामागे. सामायिक भाराला सीटी (मोठा करंट मोजण्यापुरता लहान करणारे करंट ट्रान्सफॉर्मर) लागल्या तर मीटर सीटीच्या शेजारीच ठेवा, विनियमही तेच सांगतात, आणि हिशोब सोपा आहे: ५ अँपिअरच्या सीटीपासून मीटर दहा मीटर लांब नेला तर २.५ चौ. मि.मी.च्या वायरीच पावणेचार व्हीए खातात. सीटी ५ व्हीएची असेल तर मीटरसाठी उरलं किती?

पॅनलच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या, खाली आयएस १५६५२ ची रबरी चटई, बाहेर धोक्याची पाटी. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी असते.

मीटर रूम जिन्याखाली मान्य करू नका, मग बिल्डर काहीही म्हणो. तिथे पेटलं तर धूर त्याच जिन्याने वर जातो ज्याने लोकांना खाली यायचं असतं. आणि स्टिल्टची पातळी रस्त्याच्या खाली असेल तर खोलीचा ओटा उचलून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला होता. तुमच्या गल्लीत तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं, ते जुन्या सभासदांना विचारलंत की खालच्या ओळीची उंची आपोआप ठरेल.

एक कागदी काम राहिलं. गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याचा हक्क वीजग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीने दिला आहे. ते सामायिक घ्यायचं की ज्याचं त्याने आपल्या मीटरवरून, हे सर्वसाधारण सभेत आत्ताच ठरवा. पहिल्या पर्यायात पॅनलमध्ये एक थ्री फेज जागा लागते. दुसऱ्यात प्रत्येक पार्किंगपर्यंत वेगळी केबल आणि मीटरखाली आणखी एक एमसीबी लागते, म्हणजे ४०० ची उंची ४५० होते आणि तीन ओळी १.८ मध्ये बसवताना वरची ओळ डोक्यावर जाते. ड्रॉइंग वितरण कंपनीच्या कार्यालयात दाखवून, शिक्का आणि तारीख घेऊन, मगच पॅनलवाल्याला आगाऊ रक्कम द्या.